राग पोचायला सहा महिने लागतात

ग्वेकांग बंदर
सम्राट चियाचिंग यांचे अठ्ठाविसावे वर्ष, दहावा महिना, सप्तमी

क्वेक घरचे तिसरे चिरंजीव ताय-सुन यांस, पत्नी बी-कीम हिचा नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे. ती मी या खेपेला पाळत नाही. सर्व कुशल नाही, आणि ते तुमच्यामुळे नाही.

तुमचं पत्र सिमकाकांच्या नावेतून सहाव्या महिन्यात आलं, खारवलेल्या मुळ्याच्या बरणीत, अगदी तळाशी. उत्तर आज लिहिते आहे, कारण तुमच्याकडे जाणारा उत्तरेचा वारा आता कुठे सुटला. म्हणजे तुमच्यावर आलेला राग मला चार महिने सांभाळून ठेवावा लागला, आणि तुमचं उत्तर यायला आणखी सहा लागतील. दुसऱ्या बायका बऱ्या. सकाळी नवऱ्यावर चिडल्या की दुपारच्या भातापर्यंत मोकळ्या होतात.

तुम्ही लिहिता, 'धंद्यात थोडी वाढ झाली आहे.' परवा मासळी घ्यायला गेले तर मासळीवाली म्हणाली, "अगं, तुझा नवरा सव्वीस जहाजांचा धनी झाला म्हणे. त्याचा झेंडा बघून फिरंगीसुद्धा वाट सोडतात. मग कोळंबी काय निवडत बसलीस, टोपलीच उचल की." बाजूच्या चार जणी तोंडाला बाही लावून हसल्या. नवरा काय करतो हे बायकोला मासळीवालीने सांगावं, याहून जास्त नाचक्की काय व्हायची राहिली?

आपलं लग्न होऊन या महिन्यात चार वर्षं झाली. तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही नव्हतात. तुम्ही पाचव्या महिन्यात येणार होतात, आला नाहीत. मुहूर्त दहाव्यातला. सासूबाई मुहूर्त सोडेनात आणि वारा काही त्यांचं ऐकेना, तेव्हा परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या जागी इथे जे उभं करतात तेच त्यांनी उभं केलं. गळ्यात लाल फीत बांधलेला कोंबडा. तुमच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे मी त्याच्याबरोबर तीनदा वाकले. तिसऱ्यांदा तो माझ्या बाहीवर शिटला. सगळे म्हणाले, शुभ असतं. गुरुजींच्या मुलीला लिहिता-वाचता येतं म्हणून तुम्ही मला पसंत केलंत, असं माझ्या वडिलांना सांगितलं होतं. मग जिच्याशी लग्न केलं तिला निदान खरं तरी लिहा.

कोंबडा अजून आहे. नवरा परत येईपर्यंत त्याला कापायचं नाही, म्हणून तो माजलाय. सासूबाई त्याला तुमच्या नावाने हाक मारतात आणि सणाच्या दिवशी तुमच्या जागेवर बसवतात. तो वाडग्यातून खातो आणि कोणाचंच ऐकत नाही. त्या म्हणतात, अगदी तुमच्यावर गेलाय.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. तुम्ही व्यापारी आहात की चाचे? आणि व्यापारी असाल तर येत्या दक्षिणवाऱ्यावर घरी या. मी आता चोवीस वर्षांची आहे. तुमचं तोंड कसं आहे हे मला ठाऊक नाही.

बी-कीम


पट्टाणी
चियाचिंग एकोणतिसावे वर्ष, चौथा महिना, द्वादशी

बी-कीम हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. असं पत्र मला आजवर कोणी लिहिलं नाही. इथे लिहिणारे सगळे मला भितात तरी किंवा फसवतात तरी.

आधी खरी गोष्ट. जहाजं सव्वीस नाहीत, एकोणीस आहेत. मासळीवालीला सांग.

आता मी कोण, ते. मी चिनी मातीची भांडी विकायला निघालो होतो. भांड्यांच्या थप्पीत ओली वाळू आणि मूग भरायचे, मोड येऊन सगळं एकमेकांत घट्ट बसलं की वादळातही ताट फुटत नाही. ही युक्ती बाबांची. तिच्यावर मी सहा खेपा केल्या आणि एक कपही फोडला नाही. मग हुकूम निघाला, दोनहून जास्त डोलकाठ्यांचं जहाज बांधायचं नाही, समुद्रावर जायचंच नाही. माझ्या जहाजाला तीन डोलकाठ्या होत्या. माझ्यासमोर करवत लावून त्यांनी ते उभं चिरलं. ज्या सुताराने बांधलं त्यालाच चिरायला लावलं, आणि वर त्याला कैदेत टाकलं. त्यानंतर तोच माल, तोच रस्ता आणि तोच मी. फक्त माझ्या नावापुढे त्यांनी चोर लिहिलं.

मग सयामच्या दक्षिणेला, इथे पट्टाणी बंदरात येऊन सयामी सागवानाचं जहाज बांधलं. एकटं जहाज कोणीही लुटतं, म्हणून तीन जण बरोबर झाले. तिघांचे सात, सातांचे एकोणीस. बंदरात पाणी आधी कोणी भरायचं यावर रोज सुऱ्या निघायच्या. मला वाचता येतं, माझा आवाज चढत नाही, म्हणून भांडणं माझ्याकडे येऊ लागली. एक दिवस पाहतो तर सगळे मला 'थोरले' म्हणताहेत. मी कोणाला म्हणा असं सांगितलं नव्हतं. म्हणू नका असंही सांगितलं नाही, हे कबूल.

तुला वाटत असेल, नवरा तिकडे सिंहासनावर बसलाय. काल दिवसभर मी एका बकऱ्याचा निवाडा करत होतो. एकाच्या जहाजावरून तो पोहत दुसऱ्याच्या जहाजावर गेला आणि तिथे शिजला. माझा उजवा हात म्हणजे लो. धाडसी माणूस आहे, पण 'थांब' हा शब्द त्याला ऐकूच येत नाही. डोकं उठतं. अशा वेळी वाटतं, घरी कोणीतरी शहाणं बोलणारं आहे, तिथे जावं.

पण या वर्षी येणं जमणार नाही. पकडायच्या माणसांच्या सरकारी यादीत माझं नाव वरून चौथं आहे. बंदी उठेल असं सगळे म्हणतात. उठली की पहिलं जहाज माझंच.

आईला चंदनाची माळ पाठवली आहे. त्या कोंबड्याला माझ्या जागेवर बसवू नका, मला इथे उचक्या लागतात.

ताय-सुन


ग्वेकांग
चियाचिंग एकोणतिसावे वर्ष, अकरावा महिना, तृतीया

ताय-सुन यांस.

कोंबड्याची काळजी मिटली. तुम्हाला शिपायांनी खाल्लं.

आठव्या महिन्यात अकरा शिपाई दारात आले. नाईक सासूबाईंवर ओरडला, "क्वेक ताय-सुन कुठाय?" तुमच्या आईला हल्ली धूसर दिसतं आणि आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही. त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. "तो काय तिथे. आत्ताच दाणे टिपलेत त्याने." नाईकाला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. त्याने तिथल्या तिथे मान पिरगाळली आणि आमच्याच चुलीवर, आमचंच आलं घालून रस्सा केला. मला वाढायला लावलं. सासूबाई तीन दिवस पांढरं नेसून बसल्या होत्या. "माझा तिसरा गेला," हेच एक. मी समजावलं की तो कोंबडा होता. त्या म्हणाल्या, "सूनबाई, चार वर्षं तू कोणाची बायको होतीस मग?" यावर काय उत्तर द्यायचं, ते तुम्हीच कळवा.

हे हसण्यासारखं लिहिलं, कारण पुढचं तसं लिहिता येत नाही.

शिपाई का आले ते तुम्हाला माहीत असणार. नसेल तर ते आणखी वाईट. सातव्या महिन्यात तांग-ओ गावात चार जहाजं आली. तांदळाची कोठारं फोडली, मिठागराच्या झोपड्या पेटवल्या. चौदा माणसं मेली. जहाजांवर काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरात 'क्वेक' लिहिलं होतं. ते अक्षर माझ्या खोलीच्या दारावरही आहे.

तांग-ओची इम मावशी आठवते का? नाही आठवणार. लग्नाच्या दिवशी माझे केस तिने बांधले. तिचा एकुलता एक मुलगा त्या चौदांत होता. ती आता बाजाराच्या दिवशी आपल्या दारावरून जाते. दारापाशी थांबते आणि पुढे जाते. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा मी तिला पाणी द्यायला बाहेर गेले. तिने पेला हातात घेतला, खाली ठेवला आणि निघाली.

तुम्ही मला ओले मूग आणि वाळूच्या गोष्टी लिहिता. एक कपही फोडला नाही म्हणता. गेल्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही चार पानं लिहून दिलं नाहीत, ते मी आता मासळीवालीकडून घेतलं.

घरी या असं या वेळी लिहीत नाही. येऊन तोंड कोणत्या दारात दाखवणार?

बी-कीम


पट्टाणी
चियाचिंग तिसावे वर्ष, पाचवा महिना, पौर्णिमा

बी-कीम,

झेंडा माझा होता. हे आधी लिहितो, म्हणजे पुढे मी काय सारवासारव करतो ते तुला मोजता येईल.

मी लोला विचारलं. तो म्हणाला, "थोरले, आम्ही पाणी भरायला उतरलो. गावाने दगड मारले." पाणी भरताना चौदा माणसं मरत नाहीत. मी त्याला हाकललं. तो चार जहाजं घेऊन गेला आणि झेंडाही घेऊन गेला. आता माझ्या नावाने तो कुठे काय करतो, ते मलाही कोणा मासळीवालीकडूनच कळणार. पण त्याला जहाज दिलं मी, माणसं दिली मी, आणि दोन वर्षं त्याच्या बारीकसारीक चोऱ्यांकडे काणाडोळा केला तोही मीच. त्या वेळी मी भांडणं मिटवत होतो. शांतता राहावी म्हणून गप्प बसलो, आणि ती तांग-ओच्या पदरात पडली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालंच आहे. तरी माझ्या हाताने देतो. या वर्षी मी एक ताटही विकलं नाही. मी व्यापारी उरलो नाही.

कंटाळलोय. वय अडतीस, आणि उरलेल्या पंधरा जहाजांवर एक माणूस असा नाही ज्याच्याकडे मी पाठ करून झोपेन. गेल्या महिन्यात सुभेदारांचा माणूस आला. चहा आणला, रेशीम आणलं, गोड बोलला. म्हणाला, "जहाजं सरकारजमा करा, लोला पकडायला मदत करा. माफी मिळेल. घरी राहाल, परवान्याने व्यापार कराल." कागदावर हातभर शिक्का आहे. शिक्का खरा असेल. शिक्का मारणारा खरा आहे का, ते इथून दिसत नाही.

तिथे तू आहेस. तुला माणसं कळतात. मला तर न पाहताच पुरतं ओळखलंस. चौकशी कर आणि लिही. त्यांच्या शिक्क्यावर मी येणार नाही. तुझ्या पत्रावर येईन. या म्हणालीस तर पहिल्या दक्षिणवाऱ्यावर निघेन, नको म्हणालीस तर इथेच म्हातारा होईन. लेच्यापेच्या शब्दांत लिहू नकोस, तुला ते शोभत नाही.

इम मावशीला काय पाठवू? काही पाठवण्यासारखं नाही, हे माहीत असूनही विचारतो.

ताय-सुन


जिल्हा कचेरी, ग्वेकांग
चियाचिंग तिसावे वर्ष, दहावा महिना, प्रतिपदा

प्राणेश्वर ताय-सुन यांच्या चरणकमळी दासी बी-कीम हिचे शतशः वंदन.

येथे सर्व कुशल आहे. मायबाप सुभेदार यांच्या कृपाछत्राखाली पूज्य सासूबाई व मी कचेरीच्या आवारात अतिथी म्हणून परमसुखात आहोत. आम्हांस कशाचीही उणीव नाही. दारावर आमच्या सेवेसाठी अहोरात्र चार शिपाई तत्पर असतात.

सुभेदारसाहेबांनी दिलेले वचन पर्वतासारखे अढळ आहे, हे मी स्वतः चौकशी करून जाणले आहे. आपण निःशंक मनाने यावे, शस्त्रे व जहाजे अर्पण करावीत, आणि सम्राटांच्या क्षमेच्या सागरात स्नान करावे.

स्वामी, आपल्या चंद्रासारख्या मुखाचे स्मरण होताच माझे नेत्र भरून येतात. विवाहाच्या रात्री आपण माझा हात हाती घेऊन 'तुला कधी अंतर देणार नाही' असे जे मधुर शब्द बोललात, ते या दासीच्या हृदयात कोरलेले आहेत. आपल्या रुंद खांद्यांवर मस्तक टेकवण्याचा तो आनंद पुन्हा केव्हा लाभेल? या सर्व वर्षांत मी आपल्यावर एकदाही रागावले नाही, कारण पतिव्रतेस राग माहीत नसतो.

पहिल्या वाऱ्यावर यावे. दासी वाट पाहत आहे.

बी-कीम


ग्वेकांगसमोरच्या बेटावरून
चियाचिंग एकतिसावे वर्ष, चौथा महिना, नवमी

बी-कीम,

तुझं पत्र सरकारी नावेतून आलं. या वेळी त्याला मुळ्याचा वास नव्हता, तेव्हाच मी बिचकलो.

आपल्या विवाहाच्या रात्री मी पट्टाणीत जुलाबाने आडवा होतो. खांदे माझे रुंद नाहीत. ज्याने तुला हे सांगून लिहवलं तो कारकून डोंगरापलीकडचा असणार, इकडचा असता तर आपलं लग्न कसं लागलं हे त्याने आधी विचारलं असतं. आणि तू मुकाट्याने लिहिलंस. एक शब्द खोडला नाहीस, कारण तोच इशारा होता. 'एकदाही रागावले नाही' या ओळीला मी मोठ्याने हसलो. जहाजावरचे लोक बघायला लागले.

येऊ नका, असं तू लिहिलंस. समजलं, आणि मी आलोय.

रागावशील हे माहीत आहे. पण व्यापाऱ्यासारखा विचार कर. त्यांनी तुझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. त्या पत्राने मी आलो नाही तर त्यांना तुझा काय उपयोग? आणि एकाहत्तर वर्षांच्या म्हातारीचा? ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो गोदामात कोणी ठेवत नाही. हे तू माझ्याआधीच जाणून होतीस, तरी लिहिलंस. म्हणजे माझा जीव वाचवून तू स्वतःचा देऊन बसली होतीस, आणि मला विचारलंही नाहीस. माझ्यावर इतकी वर्षं हाच आरोप होता ना, न विचारता करतो म्हणून?

सौदा ठरला आहे. आई आणि तू सिमकाकांच्या नावेत बसून बाहेर याल. त्याच वेळी मी त्यांच्या नावेत बसून आत जाईन; तीन खलाशी हट्टाने बरोबर येताहेत. जहाजं मी त्यांना दिली नाहीत, माणसांना वाटून सोडून दिली. झेंडा मी स्वतः जाळला. त्या लो याच्याकडे एक उरलाय, त्याचं मला काही करता आलं नाही.

सुभेदारांनी पुन्हा शपथ घेतली आहे. दहात दोन भाग खरी असेल असं धरून चाललोय. दोन भागांवर मी याआधीही जहाज हाकलंय.

हे पत्र सिमकाका तुला नावेत बसल्यावर देतील. आधी मिळालं असतं तर तू काहीतरी घोळ घातला असतास.

ताय-सुन


फूचौ शहर, कैदखान्याजवळ
चियाचिंग एकतिसावे वर्ष, नववा महिना, दशमी

अहो,

हे पत्र भाताच्या डब्यात तळाशी आहे. पहारेकऱ्याच्या बायकोला मी दोन महिने तिच्या माहेरी पत्रं लिहून देते आहे, म्हणून ती डबा उघडून बघत नाही.

तुम्हाला कोणी या म्हटलं होतं? आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं गोड लिहिलं, आणि तुम्ही ते नीट वाचलंत, नीट समजलात, आणि उलट वागलात. समजलं नसतं तर मी तुम्हाला मूर्ख म्हणून मोकळी झाले असते. आता काय म्हणू? सासूबाई म्हणतात, "लहानपणापासून असाच. विस्तवाला हात लावू नको म्हटलं की आधी 'हो आई' म्हणायचा." वर हिशेब मांडता, उपयोग काय आणि गिऱ्हाईक काय. मी माल नाही. मला हवं होतं की तुम्ही जगावं. ते माझं मी ठरवलं होतं, त्यात तुमचा निवाडा कोणी मागितला नव्हता.

शपथ घेणारे सुभेदार सहाव्या महिन्यात बदलून गेले. नवे म्हणतात, माफीचा कागद दप्तरात नाही. तुम्ही सिमकाकांकडे ठेवलेला कागद मी दाखवला, हातभर शिक्क्याचा. कारकून म्हणाला, "बाई, शिक्का खरा आहे, पण ज्यांचा आहे ते इथे नाहीत." मी सात अर्ज केले. सातही त्यांनी घेतले आणि प्रत्येकावर 'पाहिले' असं लिहून परत दिले. आठवा घेऊन गेले तर शाई वाळायच्या आतच त्यावरही 'पाहिले'.

आणि हेही लिहिते, कारण तुम्ही खरं लिहिलंत. आरोपपत्रात तांग-ओ आहे. ते मी एकाही अर्जात खोटं म्हटलं नाही. जिवाची भीक मागताना खोटं बोलावं, असं सगळ्यांनी सुचवलं. इम मावशी डोळ्यांपुढे यायची आणि माझा हात तिथे थांबायचा. म्हणून मी लिहिलं की यांना मोठी शिक्षा द्या, पण माफीचा शब्द दिला आहे तो पाळा, मारू नका. इकडे यायला निघायच्या आदल्या दिवशी मावशीकडे गेले होते. तुमच्यासाठी काही मागायला गेले नव्हते, नुसती गेले. ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "तो मेला तरी माझा येणार नाही. पण जगला तर मला ते बघवणार नाही." मी म्हटलं, खरं आहे.

आता जे मला कोणाला सांगता आलं नाही ते.

चौथ्या महिन्यात त्या दोन नावा खाडीच्या तोंडाशी एकमेकींजवळून गेल्या. हात लांब केला असता तर काठ लागला असता. तुमच्या नावेत शिपाई सोडून चार माणसं होती. मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे बघणार होते. उंच होता, चांगला दिसत होता, रुंद खांद्यांचा, मी त्याच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, चला, तोंड तरी बरं आहे. तेवढ्यात सासूबाईंनी हंबरडा फोडला, "तिसऱ्या!" त्यांना नाकापुढचंही नीट दिसत नाही, पण त्यांनी नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. मी वळले तोवर नाव पुढे गेली होती. एका किडकिडीत माणसाची पाठ दिसली, मान जरा डावीकडे कललेली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात का? सिमकाका म्हणतात, पूर्ण वेळ. आणि मी तुमच्या खलाशाकडे बघत होते.

त्यानंतर पाच महिने मी या गल्लीत राहते आहे. भेटू देत नाहीत. फाशीच्या कैद्याला पत्नी भेटू शकते, पण लग्नाचे साक्षीदार आणा म्हणतात. साक्षीदार आणले. त्यांनी शपथेवर सांगितलं की नवरा हजर नव्हता. झालं.

मला खूप राग आलाय. तुमच्यावर, कारकुनावर, त्या वाऱ्यावर. आणि सगळ्यात जास्त याचा, की हा राग पुढे कोणावर काढायचा. मला तुमच्यावर अजून तीस वर्षं रागवायचं होतं. म्हातारपणी तुम्ही ऐकू येत नाही असं दाखवलं असतंत आणि मी दुप्पट आवाजात बोलले असते. तेवढंच मागितलं होतं. माझं तुमच्यावर प्रेम आहे असं मला वाटतं. खात्रीने सांगायला तुलना करायला दुसरं काही नाही.

पहारेकऱ्याची बायको म्हणाली, उद्या सकाळी दक्षिण दरवाज्याने सहा जणांना नेणार. सगळ्यांचे कपडे एकसारखे, केस सोडलेले, गर्दी पुष्कळ असेल. दरवाज्याच्या आत डाव्या हाताला चहावाल्याचा दगडी कट्टा आहे. मी तिथे उभी असेन. सासूबाईंना आणत नाही, त्यांना सांगितलंय की तुम्हाला पट्टाणीला परत पाठवताहेत.

मी तुम्हाला नावाने हाक मारीन. लोक काय म्हणतील ते म्हणोत. रागानेच मारीन, म्हणजे आवाज कोणाचा ते तुम्हाला कळेल. तुम्ही वळून बघा. जो वळेल तो माझा नवरा.

भात गरम आहे तोवर खा.

बी-कीम